चिलिकाचे पाणी उपग्रह प्रतिमांवरून कसे तपासावे: नवख्यांसाठी मार्गदर्शक

पुण्यात बसून ओडिशातल्या चिलिका सरोवराच्या पाण्याचा अभ्यास करायचे ठरवले, तेव्हा माझी समजूत अशी होती की प्रतिमा उतरवून घ्यायच्या, एखादे सूत्र लावायचे आणि रंगीत नकाशा काढायचा. नकाशा आठवड्याभरात तयारही झाला. तो चुकीचा आहे हे कळायला पुढचे आठ महिने गेले, कारण चुकीचा नकाशासुद्धा बरोबर नकाशाइतकाच सुबक दिसतो. त्या आठ महिन्यांत जे शिकलो ते क्रमाने लिहीत आहे. संगणक बेताने येणाऱ्या आणि दूरसंवेदनाशी नुकतीच ओळख झालेल्या विद्यार्थ्याला किंवा कार्यकर्त्याला त्यातून काम सुरू करता यावे.

आधी एका शब्दाविषयी. समुद्रापासून वाळूच्या दांड्याने वेगळ्या झालेल्या आणि एखाद्या मुखातून समुद्राशी जोडलेल्या उथळ, मचूळ जलाशयाला भूगोलाच्या पुस्तकात खाजण सरोवर म्हणतात. मी कोकणातला असल्यामुळे खाजण म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर खारफुटीची चिखलट जमीन येते. म्हणून या लेखात मी लगून हाच शब्द वापरतो. केरळातले वेंबनाड, आंध्र-तमिळनाडूच्या सीमेवरचे पुलिकत आणि ओडिशातले चिलिका ही आपल्याकडची मोठी लगून. खाली उदाहरणे चिलिकाची असली, तरी पद्धत तिन्हीकडे चालते.

१. उपग्रहाला काय दिसते, ते आधी ठरवून घ्या

उपग्रहातल्या प्रकाशीय संवेदकाला पाण्याचा फक्त रंग दिसतो. त्यामुळे पाण्याचा रंग बदलणाऱ्या गोष्टीच त्यातून मोजता येतात. शैवालातले क्लोरोफिल-ए, पाण्यात तरंगणारा गाळ, त्यातून येणारा गढूळपणा, कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून विरघळून आलेले पिवळट-तपकिरी सेंद्रिय द्रव्य आणि या सगळ्यांचा परिणाम असलेली पारदर्शकता एवढीच ती यादी आहे. औष्णिक बँड (बँड म्हणजे संवेदक टिपतो त्या तरंगलांबींचा एक पट्टा) असलेला उपग्रह घेतला तर पृष्ठभागाचे तापमानही मिळते.

नायट्रेट, फॉस्फेट, विरघळलेला प्राणवायू, सामू, जिवाणू यांपैकी काहीही उपग्रहाला दिसत नाही. क्षारता मोजणारे सूक्ष्मतरंग उपग्रह आहेत, पण त्यांचा एकेक ठिपका (पिक्सेल) चाळीस किलोमीटरच्या घरातला असतो आणि त्यात अख्खे लगून किनाऱ्यासकट बुडून जाते. ‘उपग्रहातून प्राणवायूचा नकाशा’ असे काही दिसले, तर तो रंगावरून बांधलेला सांख्यिकी अंदाज आहे असे समजावे आणि अंदाज कशावर बांधला ते विचारावे. माझ्या पहिल्या प्रस्तावात मी फॉस्फेटचाही नकाशा देण्याचे कबूल केले होते. ते कलम नंतर काढताना फार ओशाळायला झाले.

२. सरोवर कागदावर ओळखून घ्या

प्रतिमा उघडण्यापूर्वी दोन दिवस नुसते वाचनाला द्या. चिलिकाचे क्षेत्र उन्हाळ्यात सुमारे ९०० चौरस किलोमीटर असते आणि पावसाळ्यात साडेअकराशेच्या पुढे जाते. सरासरी खोली मात्र दोन मीटरच्या आतबाहेर. अभ्यासासाठी त्याचे चार भाग पाडतात: उत्तर, मध्य, दक्षिण आणि समुद्राकडे जाणारा बाह्य प्रवाह. उत्तर भागात दया, भार्गवी अशा महानदीच्या शाखा गाळ आणि गोडे पाणी आणून ओततात. दक्षिणेकडे रंभाच्या उपसागरात पाणी तुलनेने नितळ असते. बाह्य प्रवाहात भरती-ओहोटी चालते.

या सरोवराचा अलीकडचा इतिहासही माहीत हवा. १९८१ मध्ये ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आले. पुढे गाळाने मुख बुजत गेले, क्षारता घटली, गोड्या पाण्यातले तण माजले आणि १९९३ मध्ये ते धोक्यातल्या पाणथळींच्या माँत्रो नोंदीत गेले. सप्टेंबर २००० मध्ये चिलिका विकास प्राधिकरणाने वाळूच्या दांड्यातून नवे मुख खोदले, खारे पाणी पुन्हा आत येऊ लागले आणि २००२ मध्ये सरोवर त्या नोंदीतून बाहेर पडले. मे २०१९ मध्ये फनी चक्रीवादळ पुरीजवळ धडकले. अशा वादळांनी मुखे सरकतात, नवी फुटतात आणि जुनी बुजतात. त्यामुळे २०१० च्या प्रतिमेवर आखलेली किनाऱ्याची रेषा आजच्या प्रतिमेवर ठेवली, तर वाळूचे पाणी होते आणि पाण्याची वाळू होते.

३. साहित्य, नोंदणी आणि परवानग्या

संगणकासाठी लागणारे सगळे सॉफ्टवेअर फुकट आहे.

– कोपर्निकस डेटा स्पेस या संकेतस्थळावर खाते (युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांच्या प्रतिमांसाठी)
– राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या भूनिधी या संकेतस्थळावर खाते (भारतीय उपग्रहांच्या प्रतिमांसाठी)
– प्रतिमांवरच्या प्रक्रियेसाठी युरोपीय अवकाश संस्थेचे स्नॅप, नकाशांसाठी क्यूजीआयएस आणि पाण्यावरच्या वातावरणीय दुरुस्तीसाठी (म्हणजे हवेचा परिणाम वजा करण्यासाठी) अ‍ॅकोलाइट
– निदान १६ जीबी स्मृती असलेला संगणक आणि ५०० जीबी मोकळी जागा, कारण सेंटिनेल-२ ची एकेक चौकट जवळपास एक जीबीची असते

पाण्यावर जाण्यासाठी लागणाऱ्या वस्तू अशा: सेक्की चकती (पाण्यात सोडून पारदर्शकता मोजण्याची), गढूळपणा मापक, क्षारता व तापमान मोजणारा मापक, जीपीएस, गडद रंगाच्या नमुना-बाटल्या, काचतंतूंचे गाळणकागद, हातपंप, अ‍ॅल्युमिनियमचा वर्ख, बर्फाची पेटी, पेन्सिल आणि जाड पुठ्ठ्याची वही. पेन नको, कारण पहिल्याच शिंतोड्यात शाई पसरते.

कागदपत्रांत संस्थेचे ओळखपत्र व शिफारसपत्र, आधार कार्ड आणि नमुने का घेत आहात याची एक पानी माहिती जवळ ठेवावी. नलबन हा भाग १९८७ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि तिथे वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय जाऊ नये. हिवाळ्यात लाखो स्थलांतरित पक्षी तिथे उतरलेले असतात, तेव्हा तर मुळीच नाही. परवानगीचा अर्ज दोन महिने आधी करा.

४. उपग्रह निवडा

नवख्यासाठी सेंटिनेल-२ पुरेसा आहे. त्याचे काही बँड १० मीटर, काही २० मीटर आणि काही ६० मीटर तपशिलाचे आहेत आणि जोडीतले दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी एकाच जागेवरून जातात. आपल्या कामाचा खरा हिरा म्हणजे त्याचा पाचवा बँड, सुमारे ७०५ नॅनोमीटरचा. तो का, ते नवव्या पायरीत येईल.

सेंटिनेल-३ चा रंगसंवेदक २१ बँडांचा असून जवळपास रोज येतो, पण त्याचा ठिपका ३०० मीटरचा आहे. चिलिकाच्या मध्य भागासाठी तो उत्तम आहे, पण बाह्य प्रवाहाच्या चिंचोळ्या पट्ट्यात तो निरुपयोगी ठरतो. इस्रोचा नोव्हेंबर २०२२ मध्ये सोडलेला ईओएस-०६, म्हणजेच ओशनसॅट मालिकेतला तिसरा उपग्रह, हाही रंगासाठीच बनवलेला आहे आणि तपशिलाच्या बाबतीत साधारण याच वर्गातला आहे. जुना इतिहास हवा असेल तर लँडसॅट या अमेरिकी उपग्रहमालिकेला पर्याय नाही. मात्र त्यात ७०५ नॅनोमीटरचा बँड नसल्याने क्लोरोफिलचा नाद सोडून गढूळपणावर समाधान मानावे, असे माझे मत आहे.

५. तारखा निवडा

ब्राउझरमध्ये सरोवराची हद्द टाकून वर्षभराच्या प्रतिमा नुसत्या डोळ्यांनी पाहा. जून ते सप्टेंबर बहुतेक सगळे ढगांखाली जाते. त्यामुळे नद्या सर्वांत जास्त गाळ आणतात त्याच महिन्यांत आपला उपग्रह आंधळा असतो, ही मर्यादा अहवालाच्या पहिल्या पानावर लिहावी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गाळाचे लोट अजून दिसतात. डिसेंबर ते फेब्रुवारी आकाश स्वच्छ असते, तरी सकाळचे धुके आणि धुरकट थर पाहून घ्यावा.

एप्रिल ते ऑगस्टमध्ये दुसरीच अडचण येते, ती सूर्यचकाकीची. उपग्रह येण्याच्या वेळी सूर्य डोक्यावर चढलेला असतो आणि त्याचा प्रकाश लाटांवरून थेट संवेदकात परततो. पाणी करडे-पांढरे दिसते आणि प्रतिमेत तिरके फिके-गडद पट्टे उमटतात, कारण सेंटिनेल-२ च्या संवेदकातल्या बारा शोधकांच्या पाहण्याच्या दिशा किंचित वेगळ्या असतात. मी ते पट्टे आधी प्रदूषणाचे प्रवाह समजलो होतो. पट्ट्यांच्या कडा फूटपट्टीने आखल्यासारख्या सरळ असतील, तर तो दोष यंत्राच्या पाहण्यातला आहे, पाण्यातला नाही.

६. प्रतिमा उतरवताना

सेंटिनेल-२ च्या प्रतिमा दोन पातळ्यांवर मिळतात. एल१सी म्हणजे वातावरणाच्या वरून दिसलेले परावर्तन. एल२ए म्हणजे वातावरणाचा परिणाम वजा केलेले परावर्तन, पण ती वजाबाकी प्रामुख्याने जमिनीचा विचार करून केलेली असते. पाण्याच्या कामासाठी एल१सी उतरवा. एल२ए फक्त तारखा चाळण्यासाठी ठीक आहे. एवढे लांब सरोवर एका चौकटीत पुरते बसेलच असे नाही, म्हणून हद्दीची फाइल टाकून दोन्ही कडा तपासा.

या पायरीवरचा मोठा सापळा असा. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या प्रक्रियेची नवी आवृत्ती लागू झाली आणि फाइलमधल्या प्रत्येक आकड्यात १००० मिळवले जाऊ लागले. त्यापूर्वी आकड्याला १०,००० ने भागले की परावर्तन मिळत असे. आता आधी १००० वजा करून मग भागायचे असते. माझी नोव्हेंबर २०२१ ते मार्च २०२२ ची मालिका नेमकी या तारखेवर पसरलेली होती. जानेवारीच्या शेवटी अख्ख्या सरोवराचा गढूळपणा एका रात्रीत कित्येक पट वाढलेला पाहून मी वादळाच्या बातम्या शोधत बसलो होतो.

किती फरक पडतो ते पाहा. समजा एका ठिपक्याचे खरे परावर्तन चौथ्या (तांबड्या) बँडमध्ये ०.०३० आणि पाचव्या बँडमध्ये ०.०४२ आहे. पुढे येणाऱ्या क्लोरोफिल निर्देशांकासाठी फरक ०.०१२ ला बेरीज ०.०७२ ने भागायचे, उत्तर ०.१६७. वजाबाकी विसरलो तर दोन्ही आकडे ०.१ ने फुगतात, ०.१३० आणि ०.१४२ होतात. फरक तोच ०.०१२ राहतो, पण बेरीज ०.२७२ होते आणि उत्तर येते ०.०४४. म्हणजे गढूळपणा आभाळाला भिडतो आणि क्लोरोफिल एकदम नाहीसे झाल्यासारखे वाटते.

केवळ तारखेवरही विसंबू नका, कारण जुन्या प्रतिमा नंतर नव्या आवृत्तीने पुन्हा तयार केल्या गेल्या आहेत. फाइलच्या नावातल्या ‘एन’ या अक्षरानंतरचे चार आकडे पाहा. ते ०४०० किंवा त्यापुढचे असतील तर वजाबाकी लागते. स्नॅप आणि अ‍ॅकोलाइटच्या ताज्या आवृत्त्या ती स्वतः करतात, गूगल अर्थ इंजिनमधला ‘हार्मोनाइज्ड’ नावाचा संच आधीच सारखा केलेला असतो. हाताने गणित करणाऱ्यानेच सावध राहायचे आहे.

७. वातावरणीय दुरुस्ती

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. पाणी हा मुळात काळा पदार्थ आहे. संवेदकात पोहोचणाऱ्या प्रकाशापैकी पाण्यातून आलेला वाटा अगदी थोडा असतो आणि उरलेला हवेतून विखुरलेला असतो. हवेचा अंदाज जरासा चुकला, तर पाण्याचा आकडा दुप्पट होतो किंवा थेट ऋण होतो.

अ‍ॅकोलाइट वापरणे सोपे आहे. एल१सी फाइल द्यायची, हद्द दक्षिण-पश्चिम-उत्तर-पूर्व या क्रमाने लिहायची (हा क्रम उलटा झाला की ते गुपचूप रिकामे उत्तर देते किंवा रागावते), हवी ती उत्पादने निवडायची. प्रतिमेतल्याच सर्वांत गडद ठिपक्यांवरून ते हवेचा अंदाज बांधते, त्यामुळे गढूळ पाण्यातही तग धरते. एक गोष्ट ध्यानात ठेवा. लघुतरंग अवरक्त बँडचे परावर्तन ०.०२१५ च्या वर गेले, की तो ठिपका पाणी नाही असे ते मूळ मांडणीत धरते. चकाकीच्या दिवशी निम्मे सरोवर या नियमाने गायब होते. अशा वेळी मर्यादा सरसकट वाढवण्यापेक्षा उरलेली चकाकी काढण्याचा पर्याय वापरून पाहावा, आणि तरीही जमले नाही तर ती तारीख सोडून द्यावी.

दुसरा मार्ग स्नॅपमधल्या सी२आरसीसीचा. हे न्यूरल जाळ्यावर आधारलेले आहे. त्याला प्रतिमा देण्याआधी सगळे बँड एकाच मापात आणावे लागतात, नाहीतर ते चालतच नाही. आता त्याच्या खिडकीतले मूळ आकडे बघा: क्षारता ३५ आणि तापमान १५ अंश. हे आकडे उत्तरेकडच्या थंड समुद्राला शोभतात. चिलिकाच्या उत्तर भागात पावसाळ्यानंतर पाणी जवळपास गोडे असते आणि १५ अंश तापमान तिथे कोणी पाहिलेले नाही. निम्म्याहून अधिक नवखे हे आकडे जसेच्या तसे ठेवून पुढे जातात, असे माझे निरीक्षण आहे. मीही गेलो होतो. भागागणिक आकडे बदलून प्रक्रिया तीनदा चालवावी लागली तरी चालवा.

दोन्हींपैकी चांगले कोणते, हे घरबसल्या ठरत नाही. दोन्ही चालवून ठेवा आणि निवाडा दहाव्या-अकराव्या पायरीवर पाण्यालाच करू द्या.

८. पाणी वेगळे काढा

हिरव्या आणि निकट-अवरक्त बँडांच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागले, की पाण्याचा सोपा निर्देशांक मिळतो. धन आकडा म्हणजे साधारणपणे पाणी. लगूनमध्ये मात्र एवढ्याने भागत नाही. पुढच्या चार गोष्टी पाणी म्हणून आत शिरतात किंवा पाणी असून बाहेर पडतात.

पहिली म्हणजे तरंगते तण आणि नळ नावाच्या गवताचे बेट. निकट-अवरक्तात ते जमिनीवरच्या झाडाइतकेच चमकतात. अर्धा ठिपका तण आणि अर्धा पाणी असेल, तर क्लोरोफिल निर्देशांक प्रचंड येतो आणि आपण शैवालबहर जाहीर करून मोकळे होतो. उत्तर भागाच्या कडेने माझ्या पहिल्या नकाशात आलेली लालभडक किनार ही अशीच तणाची होती.

दुसरी, तळ. दक्षिणेकडच्या नितळ, उथळ पाण्यात प्रकाश तळापर्यंत जाऊन परत येतो आणि तिथल्या सागरी गवताचा हिरवेपणा पाण्याचा म्हणून मोजला जातो. यावर संगणकातला उपाय अवघड आहे. खोलीचा नकाशा घेऊन जिथे तळ दिसतो तो भाग सरळ झाकून टाकणे हे प्रामाणिकपणाचे.

तिसरी, कोळंबीसाठी जाळी आणि बांबू लावून केलेली कुंपणे, ज्यांना तिथे घेरी म्हणतात. आणि चौथी, काठालगतचे ठिपके. किनाऱ्यावरच्या हिरवळीचा प्रकाश हवेत विखुरून शेजारच्या पाण्यावर सांडतो. किनाऱ्यापासून निदान दोन-तीनशे मीटर आतली रेषा आखून तिच्या आतलेच ठिपके घ्या. एल२ए सोबत येणाऱ्या वर्गीकरणावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. ते गडद पाण्याला कधी ढगाची सावली म्हणते आणि वाळूच्या लखलखीत दांड्याला ढग.

९. सूत्र लावा

खुल्या समुद्रात क्लोरोफिल मोजण्यासाठी निळ्या आणि हिरव्या बँडांचे गुणोत्तर वापरतात. ते लगूनमध्ये वापरू नका. निळा प्रकाश शैवाल शोषते तसे विरघळलेले सेंद्रिय द्रव्यही शोषते, त्यामुळे पाचोळ्याचे पाणी शैवालाचे म्हणून मोजले जाते.

त्याऐवजी तांबड्या कडेकडे जा. क्लोरोफिल ६६५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश जोराने शोषते आणि ७०५ च्या आसपास शोषण कमी झाल्याने परावर्तनाचा एक उंचवटा येतो. पाचव्या आणि चौथ्या बँडांच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागून मिळणारा निर्देशांक हा उंचवटाच मोजतो. शैवाल वाढले की तो वाढतो. क्लोरोफिल फारच कमी असेल तिथे तो मुका होतो, ही त्याची मर्यादा.

गढूळपणासाठी तांबडा बँड पुरतो, पण एका हद्दीपर्यंतच. पाणी फार गढूळ झाले की तांबड्यातले परावर्तन वाढायचे थांबते. गाळ दुप्पट झाला तरी आकडा तिथेच अडून राहतो. म्हणून तांबड्यातले परावर्तन ०.०५ पर्यंत असेल तोवर तांबडा बँड, ०.०७ च्या पुढे निकट-अवरक्त आणि मधल्या टप्प्यात दोघांचे मिश्रण, अशी प्रचलित रीत आहे. अ‍ॅकोलाइटमध्ये हे तयार मिळते.

१०. पाण्यावर जा

ही पायरी टाळून केलेले काम म्हणजे मीटर न पाहता विजेचे बिल करणे होय. सेंटिनेल-२ चिलिकावरून सकाळी दहा ते साडेदहाच्या दरम्यान जातो. त्याची पुढच्या फेऱ्यांची तारीखवार यादी आधीच मिळते. त्या दिवशी, शक्यतो त्या वेळेच्या तीन तास अलीकडे-पलीकडे नमुने घ्यावेत. बाह्य प्रवाहात भरतीमुळे पाणी तासाभरात बदलते, म्हणून तिथल्या जागा आधी किंवा अगदी उपग्रहाच्या वेळेला उरकाव्यात. बालुगाव, बरकुल, रंभा आणि सातपाडा या चारही ठिकाणी होड्या मिळतात. होडीवाल्याला नकाशा दाखवा आणि त्याचे ऐका. आमच्या होडीवाल्याने माझ्या ठरवलेल्या जागांपैकी दोन बघताच मोडीत काढल्या. एकीकडे घेरी होती आणि दुसरीकडे गुडघाभर पाणी.

प्रत्येक जागी यंत्र बंद करून होडी स्थिर होऊ द्या, कारण पंख्याने ढवळलेला गाळ नमुन्यात येतो. पोहोचताना आणि निघताना, दोनदा जीपीएस नोंद करा. सेक्की चकती होडीच्या सावलीच्या बाजूने सोडा, गॉगल काढून ठेवा, दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली यांची सरासरी लिहा. रंभाजवळ चकती तळाला टेकली तरी मला स्पष्ट दिसत होती. अशा वेळी तळाची खोली पारदर्शकता म्हणून लिहू नये. ‘तळ दिसतो’ एवढेच लिहावे. तीच नोंद आठव्या पायरीतला झाकायचा भाग ठरवायला कामी येते.

क्लोरोफिलसाठी ०.७ मायक्रॉनच्या काचतंतू गाळणकागदातून पाणी गाळा. किती मिलिलिटर गाळले ते तिथल्या तिथे लिहा, गाळणकागद वर्खात गुंडाळून लगेच बर्फात ठेवा. उजेड आणि उष्णता हे क्लोरोफिलचे वैरी. पहिल्या फेरीचे माझे अकरा नमुने गाडीच्या मागच्या भागात, वितळलेल्या बर्फात, चार तास तसेच राहिले आणि वाया गेले. प्रयोगशाळेत ९० टक्के अ‍ॅसिटोनमध्ये रात्रभर अंधारात ठेवून शोषण मोजताना ७५० नॅनोमीटरचे वाचन वजा करायला विसरू नका, नाहीतर गाळाचा गढूळपणा क्लोरोफिलच्या खात्यात जमा होतो.

गाळाच्या वजनासाठी आधी वजन केलेला गाळणकागद वापरा आणि गाळून झाल्यावर तो ऊर्ध्वपातित पाण्याने नीट धुवा. मचूळ पाण्यातले मीठ कागदावरच वाळते आणि त्याचे वजन गाळात मिसळते. नितळ पाण्याच्या जागी तर मीठच गाळापेक्षा जड भरते.

११. दोन्ही आकडे जुळवून पाहा

प्रत्येक जागेभोवतीचे तीन बाय तीन ठिपके घेऊन त्यांचा मध्यक काढा. त्या नऊ आकड्यांत फार तफावत असेल, तर ती जागा जुळवणीतून वगळा. तिथे बहुधा होडी, तण किंवा गाळाच्या लोटाची कडा आहे. क्लोरोफिल आणि गाळ यांचे आकडे लॉगॅरिथममध्ये मांडा, कारण एक-दोन मोठे आकडे सगळी रेषा आपल्याकडे ओढतात. निदान तीस जोड्या जमल्याशिवाय स्वतःचे समीकरण बसवण्याच्या फंदात पडू नये आणि जमल्या तरी तिसरा हिस्सा बाजूला ठेवून त्यावरच परीक्षा घ्यावी. त्रुटी किती, ती कोणत्या बाजूला झुकते आणि चार भागांत वेगवेगळी आहे का, हे लिहा. केवळ सहसंबंधाचा आकडा देऊन भागत नाही.

माझ्या बाबतीत मध्य भागात अ‍ॅकोलाइट आणि सी२आरसीसी जवळपास सारखे आले, उत्तरेच्या गढूळ पाण्यात अ‍ॅकोलाइट सरस ठरले आणि दक्षिणेत तळामुळे दोघांनीही हात टेकले. दक्षिणेचा तो भाग मी नकाशात करड्या रंगाने रिकामा सोडला. मार्गदर्शकांना तो आधी अपुरा वाटला, पण पुढे त्यांनी तोच नकाशा ठेवायला सांगितला.

१२. कालमालिका आणि नकाशा

सगळ्या सरोवराची एकच सरासरी काढू नका. उत्तरेचा गाळ आणि दक्षिणेचा नितळपणा यांची सरासरी कुठल्याच पाण्याची नसते. चार भागांचे चार मध्यक काढा आणि प्रत्येकाशेजारी त्या दिवशी किती टक्के ठिपके वापरण्याजोगे होते तेही नोंदवा. निम्म्याहून कमी असतील तर तो बिंदू आलेखातून काढा. त्याच ओळीत वाऱ्याची नोंद ठेवा. दोन मीटर खोल पाण्यात उन्हाळ्यातला दक्षिणेचा वारा तळाचा गाळ सहज वर आणतो आणि नदीला न आलेला पूर आपल्या आलेखात येऊन जातो.

नकाशाखाली उपग्रहाचे नाव, दिनांक व वेळ, प्रक्रियेची आवृत्ती, दुरुस्तीची पद्धत, तिच्यात भरलेली क्षारता व तापमान आणि जुळवणीतली त्रुटी एवढे लिहा. रंगपट्टी सगळ्या तारखांना एकच ठेवा. क्यूजीआयएस दर प्रतिमेला स्वतःहून नवी पट्टी बसवते आणि मग शांत जानेवारीही ऑक्टोबरइतकाच लाल दिसतो.

ही पद्धत कोकणातल्या खाड्यांवर वापरायची असेल, तर तीन बदल करावे लागतात. खाडी अरुंद असते, म्हणून ३०० मीटरचे उपग्रह बाद होतात आणि किनाऱ्यापासून सोडायची पट्टीही लहान करावी लागते. भरती-ओहोटीचा फरक चिलिकाच्या आतल्या भागापेक्षा कितीतरी मोठा असतो, आणि उपग्रह दर फेरीला घड्याळाच्या त्याच वेळेला येत असला तरी भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून प्रत्येक प्रतिमेशेजारी भरतीच्या कोष्टकातली वेळ लिहून, भरतीच्या प्रतिमा भरतीच्या प्रतिमांशी आणि ओहोटीच्या ओहोटीच्या प्रतिमांशीच ताडून पाहाव्यात.